अपग्रेडचे पैसे कोण मोजतो?

नवी विंडोज आली की संगणक वापरणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो हाच: फुकट मिळेल की पैसे पडतील? उत्तर एका शब्दात हवे असते आणि ती अपेक्षा रास्त आहे. पण याच प्रश्नाचा माग काढत गेले की माणूस कंपन्यांच्या जमाखर्चात, लायसन्सच्या कलमांत, चिपच्या पिढ्यांत आणि थेट न्यायालयात जाऊन पोहोचतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या किमतीचा अभ्यास म्हणजे हा माग काढणे. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, यांतल्या कोणत्याही वाटेने या विषयात येता येते. प्रोग्रॅमिंग आले पाहिजे अशी अट नाही. या पुस्तकाच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाचे म्हणूनच मनापासून स्वागत.

सुरुवातीच्या काळात ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळी किंमतच नव्हती. १९६०च्या दशकात आयबीएमचे यंत्र घेतले की त्याबरोबर सॉफ्टवेअर येई, तंत्रज्ञांची मदत येई, प्रशिक्षणही येई. सगळा खर्च यंत्राच्या दरात मुरलेला असे. १९६९च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षी २३ जूनला आयबीएमने हे गाठोडे सोडून अनेक प्रोग्रॅम्सना आणि सेवांना स्वतंत्र दर लावले. यंत्र चालवणारे मूळ सॉफ्टवेअर मात्र तेव्हाही यंत्राच्याच किमतीत राहिले. सॉफ्टवेअरच्या व्यापाराची सुरुवात इथे मानतात. ऑपरेटिंग सिस्टिमचे वेगळेपणही इथेच दिसते: तिच्यावाचून यंत्र विकताच येत नाही.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट उलटी. ती कंपनी सुरुवातीची अनेक वर्षे संगणक विकत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी सॉफ्टवेअरची प्रत हाच माल होता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली तेव्हा जुन्या विंडोजवरून येणाऱ्यालाही अमेरिकेत सुमारे ११० डॉलर मोजावे लागत. अ‍ॅपल यंत्रे विकत असूनही मॅक ओएस एक्सच्या मोठ्या आवृत्त्यांना बरीच वर्षे १२९ डॉलर घेत असे. २००९मध्ये हा आकडा २९वर आला आणि ऑक्टोबर २०१३मध्ये मॅव्हरिक्स आवृत्तीपासून शून्यावर. नफा यंत्रातून मिळत असेल तर सगळे ग्राहक एकाच नव्या आवृत्तीवर असणे कंपनीच्या सोयीचेच असते.

या साऱ्या इतिहासात एक प्रकरण मला फार बोलके वाटते. २००८ आणि २००९मध्ये आयफोनला नवी आवृत्ती फुकट मिळे. त्याच सॉफ्टवेअरसाठी आयपॉड टचच्या मालकाला ९.९५ डॉलर द्यावे लागत. लोक चिडले, लोभीपणाचा आरोप झाला. कारण मात्र हिशेबाच्या वहीत होते. आयफोनच्या विक्रीचे उत्पन्न अ‍ॅपल दोन वर्षांत विभागून दाखवत असे, त्यामुळे त्या मुदतीत नव्या सोयी दिल्या तरी हिशेब जुळत असे. आयपॉडचे उत्पन्न विकल्या दिवशीच पूर्ण जमा धरले जाई. नंतर त्यात फुकट भर घातली, तर विक्रीच्या वेळी माल पुरता दिलाच नव्हता असा अर्थ निघाला असता. २००९मध्ये अमेरिकेतले हिशेबाचे नियम बदलले आणि २०१०ची आवृत्ती आयपॉडलाही विनामूल्य मिळाली. एका लेखानियमाने लाखो लोकांच्या खिशातले पैसे ठरवले होते. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून वाचावे असा माझा आग्रह आहे.

विंडोज १०ने मायक्रोसॉफ्टचीही रीत बदलली. २९ जुलै २०१५पासून एक वर्ष विंडोज ७ आणि ८.१च्या ग्राहकांना अपग्रेड विनामूल्य होते. मुदत संपली, तरी जुन्या आवृत्तीच्या लायसन्स-कीवर नवी विंडोज चालू होण्याची वाट कंपनीने २०२३च्या सप्टेंबरपर्यंत बंद केली नव्हती. जाहीर नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत सात वर्षांचे अंतर! अभ्यासकाने दोन्ही तपासायचे असतात. आपल्याकडे आणखी एक गुंता होता. असेंबल्ड संगणकावर बिनलायसन्सची विंडोज टाकून देण्याची पद्धत सर्रास होती आणि फुकट अपग्रेडने अशी प्रत अधिकृत होणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २०१५मध्येच सांगितले होते.

विंडोज ११चे अपग्रेडही विनामूल्य आहे. मात्र त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो, मोजके अपवाद सोडता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. २०१६ साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा लॅपटॉप त्यात बसत नाही. लायसन्सचा दर शून्य झाला आणि खर्च नव्या यंत्रावर गेला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. त्यापुढे आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर घरगुती ग्राहकाला तीन पर्याय देण्यात आले: ३० डॉलर किंवा तेवढेच स्थानिक चलन भरा, संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून क्लाउडवर ठेवा, किंवा कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट खर्च करा. एकाच वस्तूचे तीन मोबदले एकाच पडद्यावर. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांना हे वर्ष विनामूल्य मिळाले. भारतीय ग्राहकाच्या वाट्याला ती सवलत आली नाही. माझे मत स्पष्ट आहे: आपल्याच मालातला दोष दुरुस्त करण्यासाठी विकणाऱ्याने वेगळे पैसे किंवा माहिती मागू नये, निदान ते यंत्र नीट चालते आहे तोवर तरी.

लिनक्सकडे वळले की प्रश्नाचे रूप बदलते. उबुंटूची नवी आवृत्ती कोणीही विनामूल्य घ्यावी. रेड हॅटसारखी कंपनी पैसे घेते ते मुख्यतः आधाराचे, वर्गणीच्या रूपात. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्सवर उभारलेली बॉस लिनक्सही वापरणाऱ्याला फुकट मिळते, कारण तिचा खर्च करदात्यांनी आधीच उचललेला असतो.

आता एक विनंती. या विषयावरचे बहुतेक लिखाण अमेरिकी दरांवर बेतलेले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात, जिल्ह्याच्या गावी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोकांनी प्रत्यक्षात काय मोजले, हे जुन्या पावत्यांवरूनच कळू शकेल. तुमच्या घरात तशी पावती असेल तर ती रद्दीत घालू नका. तिच्यावरची तारीख, दर, आणि यंत्राच्या किमतीखाली ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी ओळ आहे की नाही, एवढे तरी टिपून ठेवा.