फ्लॉपी गेली, चूक राहिली

फ्लॉपी डिस्क तुमच्यापैकी अनेकांनी फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात पाहिली असेल. आज मी तिचीच गोष्ट सांगतोय.

क्यूईएमयू हे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. २००४ मध्ये त्यात व्हर्च्युअल फ्लॉपीचा कोड आला. माहिती तात्पुरती ठेवायला ५१२ बाइट्सचा बफर. कमांड संपली की मोजणी शून्यावर यायची. दोन कमांड्समध्ये मात्र यायचीच असं नाही. मग आतला भाडेकरू ५१२ च्या पुढे लिहीत सुटला, तर थेट घरमालकाच्या मेमरीत! आणि क्लाउडच्या एकाच सर्व्हरवर असे कितीतरी भाडेकरू असतात. सेटिंगमध्ये फ्लॉपी बंद केली, तरी हा कोड जागाच राहायचा.

क्राउडस्ट्राइकच्या जेसन गेफनर यांना ही चूक सापडली. मे २०१५ मध्ये ती ‘व्हेनम’ नावाने जाहीर झाली. म्हणजे तब्बल ११ वर्षांनी!

दुरुस्ती काय? लिहिण्याआधी जागेच्या आकड्याला ५१२ ने भागायचं आणि बाकी उरेल तिथे लिहायचं. बाकी ५११ च्या पुढे जातच नाही. शाळेतला भागाकार, बस्स!

मला यातून एवढंच कळतं: वापर थांबला म्हणून कोड मरत नाही. तो तपासा, नाहीतर काढून टाका.