तेरणा आणि बोरी : सास्तूर परिसराचा इतिहास

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते 1993 च्या भूकंपामुळे. परंतु या गावाला मध्यवर्ती धरून सभोवतालचा मुलूख पाहू लागल्यास सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास दोन नद्यांच्या काठी विखुरलेला आढळतो. सास्तूर तेरणेच्या खोऱ्यात वसले आहे. तेरणा बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावून मांजरेस मिळते व मांजरेचे पाणी गोदावरीत जाते. दक्षिणेस नळदुर्गाजवळून वाहणारी बोरी मात्र भीमेस मिळते आणि तिचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जाते. दख्खनच्या दोन महानद्यांचे पाणी याच मुलखात वेगळे होते.

तेरणेच्या काठाने वर गेल्यास तेर हे गाव लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार आहे. ही रचना चैत्यगृहाची असून ही वास्तू मुळात बौद्ध असावी, असे मत हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. उत्खननात येथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. ज्या गावाला आज लोक संत गोरोबांचे गाव म्हणून ओळखतात, तेथे एकेकाळी भिक्षुसंघाचा वावर होता, ही गोष्ट या विटा सांगतात. लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय अभ्यासकाने अवश्य पाहावे. तगराचे वैभव कोणत्याही लढाईच्या नावाने लक्षात राहिलेले नाही. ते विणकर, कुंभार, गाडीवान यांच्या श्रमावर उभे होते. म्हणूनच कदाचित आपल्या शालेय इतिहासात त्याला जागा मिळाली नसावी.

बोरीकाठचे नळदुर्ग मात्र सत्तेच्या इतिहासात सतत येत राहते. बहामनी, आदिलशाही, मोगल व निजाम अशा राजवटी या किल्ल्याने पाहिल्या. आदिलशाहीच्या काळात बोरीच्या पात्रात भक्कम बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बांधावरून कोसळणाऱ्या ‘नर’ आणि ‘मादी’ या धबधब्यांपुढे पर्यटकांची गर्दी होते. याच नदीवरील पुलाला 13 सप्टेंबर 1948 रोजी निराळेच महत्त्व आले. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने हा पूल शाबूत अवस्थेत ताब्यात घेतला, नळदुर्गची फळी मोडली आणि त्याच दिवशी जळकोटमार्गे उमरग्यापर्यंत मजल मारली. पाच दिवसांत संस्थानाचा प्रतिकार संपला.

या लढाईपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांनी खेडी होरपळली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्येच निजामाची बाजू घेऊन समाजाला कलंक लावू नका, असे संस्थानातील अस्पृश्यांना बजावले होते. परंतु लढाईनंतर जे घडले तेही इतिहासच आहे. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून मुस्लिम रहिवाशांच्या हत्यांची नोंद केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. हा अहवाल दीर्घकाळ जनतेसमोर आला नाही. रणांगणावरील लढाई काही तासांत आटोपली. शेजाऱ्यांमधील हिंसेचा हिशेब मात्र अद्याप पुरा मांडला गेलेला नाही. एका पक्षाचे अत्याचार सांगून दुसऱ्याचे झाकणे हे इतिहासलेखन नव्हे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. पुढे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या वेळी घरांचे आकारमान जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400 आणि मोठ्या जमीनदारांना 750 चौरस फूट. धरणीने सर्वांना एकाच रात्री बेघर केले होते. नव्या गावाची आखणी करताना जुनी विषमता पुन्हा मोजपट्टीवर आली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन धारण करू दिली गेली नाही, त्यांच्या वाट्याला याही वेळी सर्वांत लहान घर आले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

नदी आणि युद्ध यांचा विचार पालि वाङ्मयाला नवा नाही. रोहिणी नदीवर शाक्य आणि कोलिय यांचा एकच बांध होता. उन्हाळ्यात पिके सुकू लागली तेव्हा पाण्याची पाळी कोणाची, यावरून शेतमजुरांत सुरू झालेला तंटा शस्त्रांपर्यंत गेला. अट्ठकथेनुसार भगवान बुद्धांनी दोन्ही पक्षांना पाणी आणि माणसांचे रक्त यांपैकी मोलाचे काय, असे विचारले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच तंट्यात शोधले. दुष्काळाची सवय असलेल्या या मुलखात आज माकणीच्या निम्न तेरणा धरणाचे पाणी पाहताना तो प्रश्न जुना वाटत नाही.

या भागात जाणाऱ्यांनी नळदुर्गचे बुरूज जरूर पाहावेत. त्याचबरोबर तेरच्या विटा पाहाव्यात, सास्तूरच्या नव्या वस्तीतून पायी फिरावे आणि तेथील वृद्धांना 1948 व 1993 या दोन सालांविषयी विचारावे. त्या आठवणी उतरवून घेण्याचे काम आपल्या तरुण अभ्यासकांनी आताच हाती घेतले पाहिजे, कारण 1948 पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.