दोन वह्यांचा ताळा

गुणाकार झाला की ‘ताळा करून पाहा’ असे आपण वर्गात सांगतो. हिशेबनिसांच्या भाषेतही ताळा आहे, पण त्याची जात थोडी निराळी. तेथे तेच गणित पुन्हा सोडवायचे नसते. एकाच व्यवहाराच्या, दोघांनी आपापल्या जागी बसून केलेल्या नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या असतात. बँकेचा महिन्याचा खातेउतारा आणि घरच्या संगणकावरचा हिशेब यांचा मेळ घालणे हे याच ताळ्याचे अलीकडचे रूप. त्याची मुळे मात्र संगणकाच्या कितीतरी मागे, एका लाकडी काठीपर्यंत जातात.

इंग्लंडच्या राजकोषात बाराव्या शतकापासून देण्याघेण्याची नोंद काठीवर खाचा पाडून होत असे. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याच्या रुंदीची, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची जवाच्या फुगलेल्या दाण्याएवढी, असे माप त्याच शतकातील एका ग्रंथात दिलेले आहे. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक फाळका राजकोषाकडे, दुसरा देणेकऱ्याकडे. खाचा दोन्ही फाळक्यांवर उमटलेल्या असल्यामुळे एकाने मागाहून गुपचूप एक खाच वाढवली तरी फाळके जुळवताच लबाडी उघडी पडे. लाकडाचे रेषेही जुळावे लागत, म्हणून नवा फाळका घडवणेही अवघड. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही नोंद तपासता येई, हे आम्हांला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. 1782 च्या कायद्याने ही पद्धत मोडीत निघाली, पण प्रत्यक्षात ती 1826 पर्यंत चालू राहिली. साठलेल्या काठ्या 1834 मध्ये पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि 16 ऑक्टोबरच्या त्या आगीत पार्लमेंटची इमारतच भस्मसात झाली! इंग्रजीत या काठीला ‘टॅली’ म्हणतात. 1986 मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या कंपनीची, आपल्याकडील दुकानादुकानांत पोहोचलेली हिशेबाची आज्ञावलीही याच नावाने ओळखली जाते.

इटलीतील व्यापाऱ्यांकडे कागदी वह्या होत्या. त्यांची द्विनोंदी पद्धत लुका पाचोली या गणित शिकवणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडली. पद्धत त्याने शोधली नाही. ती आधीपासून वापरात होती. पण ताळ्याची रीत त्याने बारकाईने सांगितली आहे. रोजकीर्द मदतनिसाच्या हाती द्यावी, खतावणी आपण घ्यावी. त्याने एकेक नोंद वाचावी, आपण ती खतावणीत शोधावी आणि सापडली की दोघांनीही तेथे टिंब द्यावे. ज्या नोंदीपाशी टिंब पडले नाही तेथे चूक.

विसाव्या शतकात अमेरिकेत घरोघरी चेकने पैसे देण्याची चाल पडली तेव्हा हाच उद्योग प्रत्येक कुटुंबाच्या मागे लागला. चेकबुकाबरोबर एक छोटी नोंदवही असे. महिनाअखेर बँक खातेउतारा पाठवी आणि त्यासोबत वटलेले मूळ चेकही परत करी. (मूळ चेकची ही सक्तीची ने-आण 2003 च्या कायद्यानंतर संपली.) दोन्हींकडची शिल्लक बहुधा जुळत नसे, आणि तरी कोणाचेच चुकलेले नसे. समजा, उताऱ्यावर शिल्लक 1240 डॉलर आहे आणि वहीत 895. आपण दिलेले 300 आणि 140 चे दोन चेक समोरच्याने अजून बँकेत भरलेले नाहीत; ते वजा केले की उरतात 800. आपण शेवटच्या दिवशी भरलेले 90 उताऱ्यात यायचे आहेत, झाले 890. इकडे बँकेने कापलेले 5 डॉलर शुल्क वहीत लिहायचे राहिले आहे. ते लिहिले की 890. जुळले! हा फरक चुकीचा नसून वेळेचा आहे, हे एकदा कळले की विद्यार्थ्यांना या प्रकरणाची भीती वाटत नाही.

खरी चूक असेल तर फरकाचा आकडाच पुष्कळदा तिचा पत्ता सांगतो. फरकाएवढीच रक्कम कोठे सापडली तर ती नोंद एकीकडे राहिली किंवा दोनदा झाली. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली तर जमेची नोंद नावे पडली असण्याचा संभव. आणि फरकाला 9 ने नि:शेष भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आहेत का ते पाहावे. 540 ऐवजी 450 लिहिले, फरक 90. कारण सोपे आहे: (10अ + ब) मधून (10ब + अ) वजा केले की 9(अ − ब) उरतात, अंक डावीकडे असतील तर त्याला दहाच्या घाताने गुणायचे, एवढेच. एक शून्य गळून 1200 चे 120 झाले तरी फरक 1080, म्हणजे 9 × 120. अर्थात नवांतून एकदा हे योगायोगानेही घडेल, म्हणून याला पुरावा न मानता माग मानावे. बीजगणिताच्या तासाला हा खेळ खुशाल घ्यावा.

दरम्यान बँकांकडची वही यंत्राकडे गेली होती. बँक ऑफ अमेरिकेसाठी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेने तयार केलेले ‘एर्मा’ हे यंत्र 1955 मध्ये लोकांसमोर आले. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेले खाते क्रमांक यंत्राने वाचायचे, ही कल्पना त्यातूनच रुजली. पण चेकवर हाताने लिहिलेली रक्कम यंत्राला वाचता येत नसे. ती बँकेतील यंत्रचालक वाचून चेकच्या खालच्या कोपऱ्यात टंकित करी. म्हणजे 540 चे 450 होण्याची जागा बँकेतही शिल्लक होतीच.

घरची वही संगणकावर आणण्याचे काम कॅलिफोर्नियात स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी 1983 मध्ये स्थापन केलेल्या इंट्यूट कंपनीच्या ‘क्विकन’ने केले. पडद्यावर चक्क चेकबुकाची नोंदवही दिसे. पाचोलीच्या टिंबाच्या जागी ‘सी’ हे अक्षर आले आणि ताळा पुरा झाला की ‘आर’. फरक शून्य झाल्याशिवाय काम संपत नसे; अगदीच कंटाळलेल्यांसाठी फरकाएवढी ‘समायोजन’ नोंद टाकून मोकळे होण्याची सोयही होती. ती वापरणे म्हणजे हरवलेल्या मुलाच्या जागी हजेरीपटावर टिंब देण्यासारखेच! जाता जाता एक गंमत: 0.1 हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. साध्या दशांश अपूर्णांकांनी दहा वेळा 0.1 मिळवायला सांगितले तर पुष्कळ संगणक-भाषा 0.9999999999999999 असे उत्तर देतात. म्हणून हिशेबाच्या चांगल्या आज्ञावल्या पैसे पूर्णांकांत मोजतात.

1991 मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘मनी’ स्पर्धेत उतरले (ते 2009 मध्ये बंद पडले). 1997 मध्ये या दोन कंपन्यांनी चेकफ्री कंपनीसह बँकेच्या नोंदी थेट घरच्या संगणकावर उतरवण्यासाठी ‘ओएफएक्स’ ही समान मांडणी जाहीर केली. तीत प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, त्यामुळे तीच नोंद दोनदा उतरत नाही. श्रम वाचले, अंक उलटण्याची आपल्याकडील शक्यता संपली.

पण येथेच काठीची आठवण होते. स्वतः काहीच न लिहिता बँकेच्याच नोंदी उतरवून त्या बँकेच्याच उताऱ्याशी ताडून पाहिल्या तर फरक शून्यच येणार. एकाच फाळक्याचे दोन तुकडे जुळवण्यासारखे ते आहे. यंत्रचालकाने 540 चे 450 केले असले, किंवा कोणी आपल्या खात्यातून परस्पर पैसे काढले असले, तरी आज्ञावली ‘जुळले’ म्हणणार. बरे, हे उशिरा कळून चालत नाही. अमेरिकेच्या 1978 च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारातील चूक कळवायला उतारा पाठवल्यापासून 60 दिवस दिले. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा अशा अनधिकृत व्यवहारात ग्राहकाला पूर्ण संरक्षण मिळायला बँकेची सूचना आल्यापासून कामाचे तीन दिवस ठेवले होते.

या आज्ञावल्यांत याची तोड आहे. खर्च केला त्याच दिवशी आपण हाताने नोंद करून ठेवली, तर मागाहून उतरलेली बँकेची नोंद आज्ञावली तिच्याशी जुळवून दाखवते. जोडीदार न सापडलेली नोंद ‘नवी’ म्हणून वेगळी काढते. नजर थांबवायची ती या ‘नव्या’ नोंदींपाशी. तेथेच बहुतेक जण सगळ्या एकदम स्वीकारण्याची कळ दाबतात.