मोटारगाडीचे पुढील निलंबन

मोटारगाडीची पुढील चाके तिच्या सांगाड्याशी जोडणारी, रस्त्याचे धक्के शोषून घेणारी व चाकांना योग्य दिशेत आणि कोनात धरून ठेवणारी यंत्रणा. चाकाला वरखाली हलण्याची मोकळीक द्यावयाची, पण त्याची दिशा मात्र चालकाच्या इच्छेविरुद्ध बदलू द्यावयाची नाही, अशा दोन परस्परविरोधी गरजा तिला भागवाव्या लागतात. या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न म्हणजेच या यंत्रणेचा इतिहास होय.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांनी घोडागाडीचीच रचना उचलली. घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगेचे एकस्व ओबादाया एलियट यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली घेतले होते. मोटारगाडीत दोन्ही पुढील चाके एका ताठ आसाच्या टोकांना बसवीत व सांगाड्याचा भार पोलादी पाट्यांच्या जुडग्यांमार्फत त्या आसावर टेकवीत. भार पेलणे, आस जागेवर धरणे आणि घर्षणाने उसळी शमविणे ही तिन्ही कामे पाटेच करीत. रचना स्वस्त व मजबूत होती. परंतु एक चाक खड्ड्यात गेले की आस कलून दुसरे चाकही कलत असे. वेगाने फिरणारे चाक असे कलले की भोवऱ्याच्या नियमानुसार ते बाजूला वळू पाहते. त्यामुळे चाके थरथरत व सुकाणूचक्र चालकाच्या हातांना झटके देई. १९२० नंतरच्या दशकात पुढील चाकांना ब्रेक व कमी दाबाचे जाड टायर आले, तेव्हा हा दोष असह्य झाला.

प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू देणे हा यावरील उपाय होता. इटलीतील लान्चिया कंपनीच्या लाम्ब्दा गाडीत (१९२२) चाक उभ्या खांबावर वरखाली सरकत असे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ साली कॅडिलॅक, ब्यूक इ. गाड्यांत दुहेरी विशबोन पद्धती वापरली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली.

रचना व कार्य : या पद्धतीत प्रत्येक चाकाला वर व खाली एकेक दुफाटी पोलादी बाहू असतो. बाहूची रुंद बाजू सांगाड्याला व निमुळते टोक चाकाच्या आधाराला जोडतात. दोन्ही बाहू सारखे ठेवल्यास वळणावर गाडीबरोबर चाकही बाहेर कलते. म्हणून वरचा बाहू आखूड करतात. चाक वर उचलले जाताना तो त्याचा माथा आत ओढतो व टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. भार मळसूत्री स्प्रिंग पेलते. धक्काशोषकातील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो व उसळीची ऊर्जा उष्णतेत जिरवतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो वरच्या बाजूस किंचित मागे कलता ठेवतात. त्यामुळे वळण संपताच चाके आपोआप सरळ होऊ पाहतात.

भारतातील वापर : वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. मुंबईकरांनी तिच्या पहिल्या रूपाला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिच्यात व तिच्यापासून आलेल्या ‘पद्मिनी’त (१९७४) पुढे दुहेरी विशबोन व मळसूत्री स्प्रिंगा, तर मागे ताठ आस व पाटे होते. अँबॅसडरमध्ये पुढील स्प्रिंगेचे काम पीळ सोसणारा लांब दांडा करी. जीप व मालमोटारी यांत मात्र मजबुतीसाठी पुढेही पाटेच राहिले.

अमेरिकन अभियंते अर्ल एस. मॅकफर्सन यांनी वरचा बाहू काढूनच टाकला. धक्काशोषकाची नळी हाच चाकाचा उभा आधार केला, तिच्याभोवती स्प्रिंग बसविली व वरचे टोक थेट गाडीच्या अंगाला जोडले. इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल व झेफिर (१९५०) यांच्यामुळे या पद्धतीचा प्रसार झाला. भाग कमी लागत असल्याने ती स्वस्त पडते व आडव्या बसविलेल्या एंजिनाला जागा मोकळी राहते. म्हणून मारुती ८०० (१९८३) व पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका (१९९८) यांत हीच पद्धती स्वीकारली गेली. मात्र नळीला भाराबरोबर वाकविणारा जोरही सोसावा लागतो आणि खड्ड्याचा आघात थेट पत्र्याच्या अंगात जातो.

निगा : कोणत्याही पद्धतीत खरी परीक्षा सांधे व रबरी बुश यांची होते. ते झिजले की चाकाचे कोन बिघडतात, टायर एका कडेने झिजतो, गाडी एका बाजूला ओढते व खड्ड्यात खटखट ऐकू येते. वसई तालुक्यातील राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावांत खारी हवा व पावसाळी चिखल यांमुळे स्प्रिंगांची बैठक व बाहू गंजतात. तेथे ही तपासणी अधिक वेळा करावी लागते. खालचा गोल सांधा निखळल्यास चाक कोलमडते व सुकाणूचक्र फिरवूनही गाडी वळत नाही. ब्रेक निकामी होण्याइतकाच हा धोका गंभीर असतो. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. तोवर या शहरातील खड्ड्यांतून त्या गाड्या धावत्या राहिल्या, त्यामागे मूळ रचनेइतकाच वेळोवेळी बुश व सांधे बदलणाऱ्या कारागिरांचाही वाटा होता.