तळा तालुक्यातील अनिवासी भारतीयांची मालमत्ता

तळा तालुक्यातील अनिवासी भारतीयांची मालमत्ता म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात परदेशस्थ भारतीय नागरिकांच्या आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या नावे असलेली, किंवा वारसाहक्काने त्यांच्याकडे येणारी, घरे व जमिनी. या मालमत्तेला दोन स्वतंत्र कायदेव्यवस्था एकाच वेळी लागू होतात. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) हा केंद्राचा कायदा मालक कोठे राहतो हे पाहतो, तर महाराष्ट्राचे महसूल व कूळ कायदे मालक शेतकरी आहे की नाही आणि त्याचे नाव अधिकार अभिलेखात आहे की नाही हे पाहतात. त्यामुळे मालमत्ता बाळगणे, नवी विकत घेणे आणि विक्रीचे पैसे परदेशी नेणे या तीन गोष्टींची उत्तरे वेगवेगळी येतात.

पार्श्वभूमी

तळा हे तळगडाच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे ठिकाण असून येथे नगरपंचायत आहे. हा तालुका पूर्वी माणगाव तालुक्याचा भाग होता. मुंबई–गोवा महामार्गावरील इंदापूर येथून तळ्याकडे रस्ता जातो आणि कोकण रेल्वेचे इंदापूर स्थानकही त्याच बाजूला आहे. राजपुरी खाडीच्या परिसरातील कुडा लेणी याच तालुक्यात आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग येथे आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे.

रायगड किनाऱ्यावरील इतर तालुक्यांप्रमाणे येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. भाताची खाचरे, डोंगरउतारावरील वरकस जमीन आणि आंबा-काजूची झाडे असे तिचे स्वरूप असते. एका पिकावर वर्षभराचा खर्च भागत नसल्याने घरातील कर्ते माणूस मुंबईला पाठवण्याची प्रथा कोकणात जुनी आहे. त्याच वाटेने पुढे परदेशी स्थलांतर झाले. किनारपट्टीतील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीला किंवा व्यापारी जहाजांवर गेली. कोकणी मुस्लिमांची एक जुनी वसाहत दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे आहे. रायगड किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या आणि किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे घेतलेल्या बेने इस्रायल समाजापैकी बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला स्थायिक झाली.

स्थलांतरित कुटुंबांनी गावातील घर आणि जमीन सहसा विकली नाही. वडिलोपार्जित जमीन भावंडांच्या व चुलत्यांच्या सामाईक नावावर राहिली आणि कसण्याचे काम गावात राहिलेल्या नातेवाइकांकडे किंवा शेजाऱ्यांकडे गेले.

अनिवासी असण्याचा अर्थ

फेमा आणि आयकर कायदा हे दोन्ही कायदे 'अनिवासी' हा शब्द वापरतात, परंतु त्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. आयकरासाठी मुख्यतः आर्थिक वर्षातील भारतातील मुक्कामाचे दिवस मोजले जातात. फेमामध्ये दिवसांबरोबर हेतूही पाहिला जातो. नोकरी किंवा व्यवसायासाठी, अथवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने देश सोडणारी व्यक्ती अनिवासी ठरते. म्हणून आखातात नोकरीला गेलेल्या माणसाने भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नसते. ते अनिवासी सामान्य (एनआरओ) खात्यात बदलून घ्यावे लागते.

परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यावर भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. अशा व्यक्तींसाठी २००५ पासून 'भारताचा परदेशस्थ नागरिक' (ओसीआय) ही नोंदणी आहे. तिच्यामुळे मालमत्तेबाबत अनिवासी भारतीयांसारखे अधिकार मिळतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. भारतीय वंशाच्या नसलेल्या आणि भारताबाहेर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला साधारणपणे भारतात स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा त्याला घेता येतो.

संपादन

घर, सदनिका, दुकानाचा गाळा किंवा अकृषिक परवानगी असलेला भूखंड अनिवासी भारतीय व ओसीआय कार्डधारक रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय घेऊ शकतात. रक्कम बँकेच्या मार्गाने, म्हणजे परदेशातून आलेल्या निधीतून किंवा अनिवासी खात्यांतून, द्यावी लागते. परकीय चलनात रोख किंवा प्रवासी धनादेशाने व्यवहार करता येत नाही.

शेतजमिनीला दुहेरी मनाई आहे. फेमाखालील नियमांनुसार अनिवासी व्यक्तीला ती विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. त्याशिवाय महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन हस्तांतरित करण्यास परवानगीशिवाय मनाई आहे. गावच्या सातबारावर नाव असलेला अनिवासी भारतीय राज्याच्या कायद्यानुसार शेतकरी ठरला, तरी फेमाची मनाई कायम राहते. मुंबईजवळच्या किनारपट्टीत 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकले जाणारे तुकडे बऱ्याचदा कागदोपत्री शेतजमीनच असतात. अशा वेळी जाहिरातीतील शब्दाला महत्त्व नसते. सातबारावरील नोंद आणि अकृषिक आदेश निर्णायक ठरतात.

यावर पळवाट म्हणून गावातील भावाच्या किंवा मित्राच्या एकट्याच्या नावाने जमीन घेऊन पैसे परदेशातून पाठवले जातात. असा व्यवहार बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध कायदा, १९८८ च्या कक्षेत येऊ शकतो आणि मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. फेमाच्या उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वारसाहक्क

वारसाहक्काला वरील मनाई लागू होत नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली कोणतीही स्थावर मालमत्ता, शेतजमिनीसह, अनिवासी व्यक्तीला घेता व बाळगता येते. देश सोडण्यापूर्वी स्वतःच्या नावावर असलेली जमीनही सोडावी लागत नाही.

वाटा कोणाला किती मिळतो हे वैयक्तिक कायद्यावर ठरते. हिंदू कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. त्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच सहदायिक हक्क मिळाला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही असे स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांत मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार हिस्से ठरतात आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्तेचे मृत्युपत्र करता येत नाही. बेने इस्रायल कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो.

वारस नोंद

हक्क मृत्यूबरोबर आपोआप येतो, परंतु सातबारावर नाव आपोआप लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवणे अपेक्षित आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज केल्यावर वारस नोंदवहीत (गाव नमुना ६क) व त्यानंतर फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज ई-हक्क प्रणालीतून परदेशातूनही करता येतो. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतो.

परदेशी असलेल्या भावंडाचे, विशेषतः विवाहित बहिणीचे, नाव वारसांच्या यादीतून वगळले जाणे हा नेहमीचा वाद आहे. प्रमाणित नोंदीविरुद्ध साधारणपणे ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उशीर झाल्यास विलंबमाफीचे कारण द्यावे लागते. फेरफार नोंद महसुली कामासाठी असते. ती स्वतः मालकी देत नाही आणि वगळलेल्या वारसाची मालकी काढूनही घेत नाही, मात्र मालकीचा निवाडा नंतर दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो.

कूळ आणि ताबा

कोकणात सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्याला विशेष महत्त्व आहे. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' मानून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक ठरवण्याची तरतूद झाली. ज्या ठिकाणी त्याची कार्यवाही अपुरी राहिली, तेथे कुळाचे नाव आजही या रकान्यात आढळते. कुळाने विकत घेतलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर कलम ४३ ची बंधने असतात. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही.

दीर्घकाळ गैरहजर मालकापुढे प्रतिकूल ताब्याचाही प्रश्न असतो. मुदत कायदा, १९६३ नुसार खासगी जमिनीवर मालकाच्या हक्काला उघड विरोध करून सलग १२ वर्षे ठेवलेला ताबा मालकाचा दावा मुदतबाह्य करू शकतो. मालकाच्या परवानगीने कसणाऱ्याचा ताबा या प्रकारात मोडत नाही. म्हणून जमीन कोणाला, कोणत्या अटीवर कसायला दिली याचा लेखी कागद आणि दरवर्षीच्या पीकपाहणीची तपासणी उपयोगी ठरते.

गावठाणातील घर

गावठाणातील घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीची आकारणी असते, पण ती मालकीचा पुरावा मानली जात नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मालमत्तापत्रके दिली जातात. मोजणीच्या वेळी बंद असलेल्या घरांच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून हद्द वा नाव नोंदले जाण्याची शक्यता असल्याने चौकशीच्या टप्प्यावर प्रतिनिधी हजर असणे महत्त्वाचे असते.

कुलमुखत्यारपत्र

परदेशस्थ मालकाची बहुतेक कामे कुलमुखत्यारपत्रावर चालतात. ते भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर करता येते. १९६१ च्या हेग कराराचा अपोस्टिल शिक्का भारतात २००५ पासून मान्य आहे. इस्रायल, ओमान व बहरीन या करारात आहेत. करारात नसलेल्या देशांतून वकिलातीचे साक्षांकन लागते. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे लागते.

मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाल्यास ते सामान्यतः संपते आणि त्यानंतर वारसांना नवे करावे लागते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. सर्वाधिकार देण्याऐवजी 'वारस नोंद करणे', 'मोजणीस हजर राहणे' अशा ठरावीक कामांपुरते मुखत्यारपत्र दिल्यास गैरवापराची शक्यता कमी होते.

विक्री, कर आणि रक्कम परदेशी नेणे

अनिवासी व्यक्तीला आपली शेतजमीन केवळ भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता वा बक्षीस देता येते. राज्याच्या कायद्यानुसार तो शेतकरीही असावा लागतो. दोन अनिवासी भावांना आपसात शेतजमिनीचा व्यवहार करता येत नाही. सामाईक जमिनीतील ठरावीक तुकडा विकण्यापूर्वी वाटप आवश्यक असते. वाटप कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे किंवा नोंदणीकृत दस्ताने होते. तुकडेबंदी कायदा, १९४७ मुळे लहान हिश्श्यांवर मर्यादा येतात.

अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत करकपातीची जबाबदारी खरेदीदारावर असते. निवासी विक्रेत्याला लागू असलेला ५० लाख रुपयांपुढील १ टक्क्याचा नियम येथे लागू होत नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि जुन्या जमिनीसाठी महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय अनिवासींना नाही. प्रत्यक्ष कर कमी असल्यास आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र विक्रीपूर्वी घेता येते. कायद्यातील अटी पूर्ण करणारी ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता समजली जात नाही.

विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा होते. तेथून कर भरल्याच्या कागदपत्रांसह एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते.

व्यवसाय आणि भाडे

अनिवासी भारतीयाला रक्कम परदेशी न नेण्याच्या अटीवर स्वतःच्या किंवा भागीदारीच्या व्यवसायात भांडवल गुंतवता येते. शेती, मळे, जमिनींची खरेदी-विक्री आणि मुद्रित माध्यमे ही क्षेत्रे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे बाजारपेठेत दुकान काढणे किंवा जुन्या घरात पर्यटकांची निवास-न्याहारी सोय करणे शक्य असते. घर भाड्याने दिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि भाडेकरूने भाड्यातून कर कापणे अपेक्षित असते.

औद्योगिक विकास आणि भूसंपादन

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांमध्ये दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. माणगाव, रोहा व तळा परिसरातील जमिनींना त्यामुळे महत्त्व आले आहे. भूसंपादनात नोटिसा व मोबदला प्रथम अभिलेखातील नावांनाच जातो, तर हक्काबाबत वाद असल्यास रक्कम प्राधिकरणाकडे अडकते. आजोबांच्याच नावावर राहिलेला सातबारा वर्षानुवर्षे गैरसोयीचा नसतो, पण संपादनाच्या वेळी तो परदेशस्थ वारसांना मोबदल्यापासून दूर ठेवू शकतो. वारस नोंद वेळेवर करण्याचे व्यावहारिक मोल येथे सर्वाधिक दिसते.

हेही पहा

तळा
रायगड जिल्हा
कुडा लेणी
सातबारा उतारा
कूळ कायदा
बेने इस्रायल
अनिवासी भारतीय