चेहरा कोणाचा, कमाई कोणाची?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसारखा प्रकार नव्हे. तिथे फुटबॉल, बास्केटबॉलचे सामने पाहायला हजारो लोक तिकीट काढून येतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी कोट्यवधी डॉलर मिळतात. ज्यांच्या जिवावर ही उलाढाल चाले, त्या खेळाडूंना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नसे. १९०६ साली स्थापन झालेल्या 'एनसीएए' या नियामक संस्थेचा दंडकच होता, की खेळाडू हा आधी विद्यार्थी. तो हौशीच राहिला पाहिजे.

यातला 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द १९५०च्या दशकात याच संस्थेने रूढ केला. मैदानावर जायबंदी झालेल्या खेळाडूला कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच पुढे तशी कबुली दिली.

१९९०च्या दशकात या खेळांवरचे व्हिडिओ गेम आले. 'ईए स्पोर्ट्स' कंपनीच्या गेममध्ये खेळाडूंची नावे नसत. पण जर्सीचा क्रमांक, उंची, वजन, वर्ण सारे हुबेहूब. एड ओबॅनन हा १९९५ साली 'यूसीएलए'ला विजेतेपद मिळवून देणारा बास्केटबॉलपटू. पुढे तो मोटारींच्या विक्री-दालनात नोकरी करू लागला. एका मित्राच्या घरी त्याने पडद्यावर स्वतःलाच पाहिले. तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरा हात! गेम विकला जात होता, त्याला छदामही मिळत नव्हता. २००९ साली त्याने न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी सॅम केलर या फुटबॉलपटूनेही दावा लावला.

गेम ही कलाकृती आहे, तेव्हा आम्हाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे कंपनीचे म्हणणे. २०१३ साली दोन अपील न्यायालयांनी ते फेटाळले. खेळाडू प्रत्यक्षात जे करतो तेच गेममध्ये दाखवले, तर त्यात नवनिर्मिती कुठली, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्या वर्षानंतर ही गेममालिका बंद पडली. २०१४ साली सहा कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'एनसीएए'चे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात, असा निर्णय दिला. अपिलात भरपाईचा काही भाग गळाला, मूळ निष्कर्ष टिकला.

अखेर जुलै २०२१ मध्ये खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांवर कमावण्याची मुभा मिळाली. २०२४ साली फुटबॉलचा गेम परत आला, तोही खेळाडूंची संमती घेऊन. दहा हजारांहून अधिक जणांनी होकार दिला. प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत, हा मोबदला.

रक्कम किरकोळ वाटेल. कित्येकांना ती तशी वाटलीही. पण आधी खेळाडूला कोणी विचारतही नव्हते. आता त्याला 'नाही' म्हणता येते. हक्काची सुरुवात तिथूनच होते.