हजेरीपटावरचे नाव : उधन्यातील स्त्रिया आणि कामाकडे परतण्याची वाट

सुरत शहराशी मराठी माणसाचा संबंध सांगताना बहुधा दोन प्रसंग सांगितले जातात. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० साली या शहरावर केलेल्या स्वाऱ्या हा पहिला, आणि १९०७ सालच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांची झालेली फारकत हा दुसरा. तिसरा संबंध कोणत्याही बखरीत नाही. तो तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने, गाठोडी आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन, हळूहळू आला आणि उधन्यात स्थिरावला. या तिसऱ्या संबंधातील स्त्रियांच्या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उधना हे तापी खोऱ्याच्या रेल्वेचे सुरतेकडील टोक आणि जळगाव हे दुसरे. सुमारे तीनशे किलोमीटरच्या या मार्गावर बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी गावे येतात. नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तरी गाडी त्याच रुळांवरून धावत राहिली आणि खानदेशातून माणसे उधन्याला येत राहिली. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांसारख्या गिरण्यांना उतरती कळा लागली. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणगावही खिळखिळे झाले. त्याच काळात सुरतेत यंत्रमागांचा खडखडाट वाढत गेला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी बोलणारी कुटुंबे वसली. त्यांच्या शेजारी ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे मागवाले, तेलंगणातील पद्मशाली, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडील मजूर राहू लागले. एकाच चाळीत चार-पाच भाषा ऐकू याव्यात, अशी ही वस्ती आहे.

येथे आलेली खानदेशी स्त्री मुळात घरात बसणारी नव्हती, हे प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कापूस वेचणे, निंदणी, भुईमुगाची काढणी ही कामे तिच्याच हातची. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता शेतातल्या आणि घरातल्या श्रमातूनच उगवली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशा कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. मजुरी वेळेवर मिळत नसे, मोजमापावरून तंटे होत, हे सर्व खरे. परंतु शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना त्या कामांतील एक गोष्ट मोलाची वाटते. हजेरीपटावर स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे लिहिले जाई आणि मजुरीचा दर स्त्री-पुरुषांना एकच असे. कोणाची पत्नी वा सून म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून तिचे नाव सरकारी कागदावर येत होते.

गाडीतून उधन्याला उतरताना तिच्याकडून नेमके हेच नाव सुटले. यंत्रमागाच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि त्यांतील निम्म्या रात्रीच्या. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती. मुलांना सांभाळायला गावाकडची सासू नाही, बोलायला गुजराती नाही. तेव्हा मागावर पुरुष गेला आणि बाई खोलीत राहिली. ती रिकामी मात्र राहिली नाही. साडीवर टिकल्या आणि खडे चिकटविणे, काठाला लेस लावणे, भरतकामाच्या यंत्रातून आलेल्या कापडाच्या मागील बाजूचे धागे कापणे, फॉल शिवणे, असे काम गठ्ठ्यांनी घरी येऊ लागले. मजुरी नगावर. माल आणून देणारा किंवा देणारी मध्यस्थ वस्तीतलीच. मूळ व्यापारी कोण, हे बहुधा ठाऊक नसते. नग बिघडला तर पैसे कापले जातात. वीज, सुई, दोरा आणि जागा कामगार स्त्रीची. गठ्ठा उतरला की घरातल्या मुलीही हाताला हात लावतात. सुरतेच्या झगमगत्या साडीचा अखेरचा हात असा या खोल्यांतून फिरतो. पण त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

स्त्रीला कारखान्याबाहेर नेणारी ही वाट उधन्यातच निघाली असे नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिकालीन साहाय्याचे विधेयक चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला, आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. सुरत जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. कायदा न्याय्य होता, यात शंका नाही. परंतु प्रसूतीचा खर्च आपल्या माथी येतो असे दिसताच गिरणीमालकांनी नव्याने बायका घेणे कमी केले. यंत्रांच्या सुधारणेत वाइंडिंग आणि रीलिंग या बायकांच्या खात्यांवरच आधी गदा आली. पुढील पन्नास वर्षांत गिरण्यांतील स्त्रिया अगदी थोड्या उरल्या. रक्षणाचा भार एकट्या मालकावर टाकला की मालक बाईलाच टाळतो, हा धडा त्या इतिहासातून मिळतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु खोलीत बसून खडे चिकटविणारीला आस्थापनाच नाही. ती रजा कोणाकडे मागणार?

स्त्रीला कामाकडे परत आणण्याचे प्रयत्नही जुने आहेत आणि त्यांत सुरतेचा वाटा मोठा आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०७ साली, म्हणजे काँग्रेस दुभंगली त्याच वर्षी, सुरतेत बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी वनिता विश्राम ही संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले. मलबारींचे बालपण सुरतेत गेले होते. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या स्त्रियांनी एकत्र शिकावे व सेवाकार्य करावे, ही त्या संस्थेची कल्पना. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि तेथून परिचारिका व शिक्षिका तयार होऊन बाहेर पडल्या. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांचा मार्ग शिक्षणातून जाणारा होता. जिला काम येतेच, पण त्या कामाला नाव नाही, अशा कष्टकरी स्त्रीचा प्रश्न त्यांच्या कक्षेत फारसा आला नाही.

तो प्रश्न स्वयंपाकघरातून पुढे आला. १९५९ साली गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभे राहिले. या संस्थेची महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ साली वालोड येथे निघाली. वालोड त्या वेळी सुरत जिल्ह्यात होते, आता तापी जिल्ह्यात आहे. येथे पापड लाटणारी स्त्री मजूर नसून सभासद आणि मालक आहे. तिकडे गिरणगावात गिरणी कामगारांना डबे व जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या सावकाराच्या पाशात होत्या. त्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. आज उधन्यात एकटे राहणारे ओडिया कामगार ज्या ‘मेस’मध्ये जेवतात, तेथील चुलीशी राबणाऱ्या बायकांकडे पाहिले की गिरणगावची ती खाणावळ आठवल्यावाचून राहत नाही. भाषा बदलली, भात आणि डाळम्याची चव बदलली. पण शेकडो पुरुषांची पाळी बाईच्या चुलीवर चालते, हे बदललेले नाही.

या साऱ्या प्रवासात आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते इलाबेन भट्ट यांचे कार्य. जन्म १९३३ चा अहमदाबादचा, पण बालपण आणि महाविद्यालयीन शिक्षण सुरतेचे. १९५५ साली त्या अहमदाबादच्या मजूर महाजन संघटनेत दाखल झाल्या आणि १९७२ साली त्यांनी ‘सेवा’ ही स्वाश्रयी स्त्रियांची संघटना काढली. नोंदणीचा अर्ज गेला तेव्हा कामगार खात्याने हरकत घेतली. या बायकांना मालक नाही; मग संघटना कोणाविरुद्ध, असा खात्याचा प्रश्न होता. नियमांच्या चौकटीत वाढलेल्या माणसाला तो प्रश्न तर्कशुद्धच वाटेल. इलाबेनचे म्हणणे असे की संघटना कोणाविरुद्ध असावीच लागत नाही. ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. अखेर नोंदणी झाली. १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली. पुढे इलाबेनच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. इलाबेन २०२२ साली निवर्तल्या.

आता उधन्याकडे पुन्हा वळू. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. ही सोय मुलांसाठी झाली, पण तिचा लाभ आईलाही होतो. मूल आपल्या भाषेच्या शाळेत काही तास निर्धास्त बसले, तर आईचे तेवढे तास मोकळे होतात. जे मुलाच्या बाबतीत केले गेले, ते आईच्या बाबतीत मात्र झालेले नाही. अर्ज गुजरातीत, शिधापत्रिका गावाकडची, आधारकार्डावरचा पत्ता जुना. जातीचे प्रमाणपत्रही बहुधा परराज्याचे. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच स्पष्ट केले आहे. २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली, ती या दिशेने पडलेले चांगले पाऊल होय. नव्या श्रम संहितांनी स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीची मुभाही दिली आहे. पण रात्री घरी परतण्याची सोय आणि मुलाजवळ कोणी माणूस असल्यावाचून ही मुभा कागदावरच राहील.

घरबसल्या चार पैसे मिळतात, मुलेही डोळ्यांसमोर राहतात, मग वाईट काय, असे काही जण म्हणतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. अनेक बायकांना ही सोय हवीच असते. परंतु सोय आणि नाइलाज यांतला फरक दर ठरविताना कळतो. जिला बाहेर जाण्याची वाट खुली आहे, ती घरच्या कामाचा दर घासाघीस करून वाढवून घेते. जिला ती वाट नाही, ती मिळेल त्या दराने काम घेते. आणि शेजारची ओडिया किंवा तेलुगू बाई किती दराने घेते, हे भाषेअभावी विचारता येत नसेल, तर मध्यस्थाचे अधिकच फावते.

येथे आमच्यासारख्या मंडळांना काही करता येण्याजोगे आहे. वस्तीत गणेशोत्सव होतो, हळदीकुंकू होते. त्याच मांडवात एक दिवस नोंदणीचे अर्ज भरून देण्यासाठी ठेवता येईल. प्रत्येकीच्या हाती एक साधी वही देता येईल. त्यात तारीख, नग, दर आणि मिळालेले पैसे लिहावेत. आकडे तर सर्व भाषांत सारखेच मोजले जातात. चार भाषांतल्या बायकांनी आपापल्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर दराची बोलणी एकत्र करता येतील.

आणखी एक गोष्ट. २०२७ ची जनगणना अधिसूचित झालेली आहे. जनगणनेत काम करणारे आणि काम न करणारे अशी विभागणी होते, आणि घरी किती जण काम करतात, या प्रश्नाला पुरुषाने दिलेले उत्तर अनेकदा “मी एकटाच” असे असते. त्या एका उत्तराने बारा महिने धागे कापणारी स्त्री काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते, आणि पुढील योजना त्या रकान्यांवरूनच आखल्या जातात. प्रगणक दाराशी येईल तेव्हा उधन्यातील प्रत्येक घराने बाईचे काम सांगावे, आणि शक्यतो ते तिनेच सांगावे. हजेरीपटावर परत यायला सुरुवात तेथूनच करता येईल.